न्यूमॅटिक कन्व्हेइंगच्या पाइपचा साइज: पार्श्वभूमी आणि लाइनमधे व्यास वाढवण्याचा वाद

न्यूमॅटिक लाइनचा, म्हणजे पावडर किंवा दाणे हवेच्या जोरावर नेणाऱ्या लाइनचा, पाइप ठरवायची एक पद्धत अजूनही सर्रास चालते. सेकंदाला 20 ते 25 मीटर असा वेग धरायचा, ब्लोअरच्या हवेला त्याने भागायचं, क्षेत्रफळ काढायचं आणि त्याच्या वरचा जो स्टँडर्ड साइज असेल तो घ्यायचा. ही पद्धत मुळात पंख्यांच्या काळातली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाचा भुसा आणि छिलके मशीनपासून ओढून न्यायला पंखे लागले, त्यांचं प्रेशर इतकं कमी की लाइनच्या या टोकाला आणि त्या टोकाला हवेची घनता जवळपास सारखीच, त्यामुळे सगळ्या पाइपला एकच वेग धरला तरी काही बिघडायचं नाही. त्याच शतकाच्या शेवटी बंदरांवर जहाजातलं धान्य व्हॅक्युमने उपसणं सुरू झालं, मग 1920 च्या आसपास सिमेंट ढकलणारे स्क्रू पंप आले. 1924 मधे जर्मनीत गव्हावर प्रयोग झाले, त्यातून कळलं की मटेरियल भरलेल्या लाइनचा प्रेशर ड्रॉप आणि नुसत्या हवेचा प्रेशर ड्रॉप यांचं गुणोत्तर लोडिंग रेशोबरोबर (दर किलो हवेमागे किती किलो माल जातो तो आकडा) साधारण सरळ रेषेत वाढतं. 1949 मधे वेग आणि प्रेशर ड्रॉप यांचा तो प्रसिद्ध आलेख आला, वेग कमी करत गेलं की प्रेशर आधी उतरतं, एका ठिकाणी तळ गाठतं आणि मग परत चढतं. पाइपचा साइज म्हणजे त्या आलेखावर आपण कुठे उभं राहायचं याचा निर्णय, हे तिथून पुढे स्पष्ट झालं.

खरी उलथापालथ 1970 नंतरची. 1973 मधे पावडरींचे चार गट पाडले गेले, ते खरं तर फ्लुइडायझेशनसाठी (खालून हवा सोडून पावडर द्रवासारखी वाहती करणं) होते, पण कन्व्हेइंगवाल्यांनी उचलले, कारण कुठली पावडर हवा धरून ठेवते आणि कुठली लगेच सोडते यावर ती हळू वेगाने जाणार की नाही हे बरंचसं अवलंबून असतं. त्याच वर्षी आडव्या पाइपमधे मटेरियल तळाला बसायला लागतं तो वेग काढायचं समीकरण आलं, आणि त्यात पाइपचा व्यास होता! फ्राउड नंबरच्या रूपात, म्हणजे वेग आणि व्यास यांना जोडणाऱ्या आकड्यातून. म्हणजे लोडिंग रेशो तोच ठेवला तर किमान वेग व्यासाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 50 मिलिमीटरच्या टेस्ट लाइनवर मिळालेला वेग 200 च्या पाइपला जसाच्या तसा लावू नये हे तिथेच लिहिलेलं आहे, तरी लावला जातो.

आणि याच्यामुळेच 'एक साइज वरचा घ्या, सेफ राहील' हा सल्ला मला फार घातक वाटतो. पाण्याच्या लाइनला तो बहुतेक वेळा चालून जातो, इथे चालत नाही. हवा तेवढीच ठेवून पाइप मोठा केला तर वेग पडतो, वरून लागणारा किमान वेग थोडा वाढतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार्जिन खाल्लं जातं आणि लाइन जाम होते. उलटंही बघा, 100 मिलिमीटर म्हणून जो पाइप येतो त्याचा बाहेरचा व्यास 114.3 ठरलेला, शेड्यूल 40 मधे आतला साधारण 102 आणि शेड्यूल 80 मधे 97, फक्त जाडी बदलली तरी वेगात दहा टक्क्यांच्या वर फरक. ज्या डिझाइनमधे मार्जिनच वीस टक्के ठेवतात तिथे हे लहान नाही.

आता मुख्य वाद, लाइनमधे मधेच व्यास वाढवायचा की नाही. ब्लोअरच्या काळात हा प्रश्न फारसा टोचला नाही, कारण तो एका टप्प्यात साधारण 1 बार गेजपर्यंतच जातो (बाहेरच्या हवेच्या वर 1 बार, म्हणजे शून्यापासून मोजलं तर 2 बार अॅब्सोल्यूट). लाइनमधे प्रेशर उतरेल तशी हवा फुगते आणि वेग वाढतो, म्हणजे शेवटी वेग फार तर दुप्पट. ब्लो टँक (माल भरून हवेच्या प्रेशरने ढकलणारी बंद टाकी) आणि स्क्रू कंप्रेसर आले तसं 2, 3 बार आणि त्याच्याही वर जाणं सोपं झालं आणि मग शेवटचा वेग डोळ्यात यायला लागला.

हिशोब करून बघू. समजा किमान वेग 12.5 मीटर प्रति सेकंद आहे (हिशोब सोपा राहावा म्हणून सगळ्या साइजला तोच धरू), वीस टक्के मार्जिन धरून सुरुवातीला 15 ठेवला, प्रेशर 2 बार गेज म्हणजे 3 बार अॅब्सोल्यूट. सगळी लाइन 100 चीच असेल तर शेवटी 1 बारला वेग होतो 45. आता प्रेशर 1.8 बार अॅब्सोल्यूट होतं तिथे, म्हणजे वेग 25 झालेला असताना, 125 चा पाइप लावला तर वेग 16 वर येतो. 1.25 बारला तो परत 23 होतो, तिथे 150 लावला की पुन्हा 16, आणि शेवटी 20. पंचेचाळीसच्या ऐवजी वीस! पाइप आणि बेंडची झीज वेगाच्या साधारण दुसऱ्या ते तिसऱ्या घाताने वाढते, म्हणजे शेवटच्या बेंडवर झिजेचा फरक पाचपट ते अकरापट पडतो. दाणे फुटण्याचं प्रमाणही कमी होतं. शिवाय मोठ्या भागात प्रेशर ड्रॉप कमी, त्यामुळे तेवढ्याच प्रेशरवर जास्त माल जातो.

विरोध करणाऱ्यांचे मुद्दे खोटे नाहीत, हे मान्य करायला हवं. एक म्हणजे लाइन शेवटी साफ करताना मोठ्या भागात थोडं मटेरियल पडून राहतं, आणि एकाच लाइनमधून वेगवेगळे माल जात असतील तर ते चालत नाही. दुसरं, स्पेअर बेंड तीन साइजचे ठेवावे लागतात. पण सगळ्यात जास्त ऐकू येतो तो तिसरा मुद्दा, की पाइप बदलला तिथेच लाइन चोक होते. आता यात दोष साइज बदलण्याचा नसतो, जागेचा असतो. जागा प्रेशरवरून काढायची असते आणि बऱ्याच ठिकाणी ती अंतरावरून काढतात, लाइनचे तीन सारखे तुकडे केले आणि झालं. सरळ लाइनला ते नशिबाने जमूनही जातं. पण बेंड आणि उभी चढण शेवटाकडे असेल तर प्रेशर तिकडेच पडतं, एक तृतीयांश अंतरावर ते अजून 2.3 बार असू शकतं, तिथे 100 मधे वेग जेमतेम 19.6 असतो आणि 125 लावल्या लावल्या तो 12.5 वर येतो, म्हणजे बरोबर किमान वेगावर, मार्जिन शून्य. मग मटेरियल बसणारच. माझं स्पष्ट मत आहे की 1 बार गेजच्या वरच्या, एकाच मालाच्या लांब लाइनला पूर्ण लांबी एकच साइज देणं हा आळस आहे, आणि चुकीच्या जागेमुळे जाम झालेल्या लाइन दाखवून सगळी कल्पनाच फेटाळणं त्याहून वाईट. व्हॅक्युम लाइनलाही हेच लागू, तिथे उगाच दुर्लक्ष होतं, 1 बारवरून 0.5 वर गेलं तरी वेग दुप्पट होतो, आणि उंचावरच्या प्लांटला तर सुरुवातच 1 बारच्या खालून.

डेन्स फेजने, म्हणजे कमी वेगाने दाटीने माल नेण्याच्या पद्धतीने, यात अजून एक गुंता वाढवला. कुणी लोडिंग रेशो 15 च्या वर गेला की डेन्स म्हणतं, कुणी वेग तळाला बसण्याच्या वेगाखाली गेला की. सिमेंटसारखी हवा धरणारी पावडर मोठ्या लोडिंग रेशोला सेकंदाला 3 मीटरनेही जाते, तीच कमी रेशोला 10 ते 11 च्या खाली गेली की थांबते. म्हणजे साइज काढताना किमान वेग हा एक आकडा राहत नाही, लाइनमधे माल किती भरलाय त्यावर तो बदलतो, आणि लाइन लांब केली की त्याच प्रेशरवर रेशो उतरतो आणि तोच पाइप, तीच हवा अपुरी पडते. प्लांट वाढवताना सायलो लांब हलवला आणि तीच लाइन पुढे ओढली की हे दिसतं.

1990 नंतर कॉम्प्युटरवर हवा आणि कण दोन्हींचा हिशोब एकत्र व्हायला लागला, आज टप्प्यांची जागा आणि प्रत्येक टप्प्यातला वेग सॉफ्टवेअर काही सेकंदात देतं. त्यात किमान वेग मात्र अजून आपल्यालाच भरावा लागतो, आणि तो त्याच मटेरियलच्या, शक्यतो खऱ्या साइजच्या जवळच्या पाइपवर केलेल्या टेस्टमधून यायला हवा.