सात मिलिवॉटचा मेंदू

पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणाऱ्या फळमाशीच्या मेंदूत साधारण १ लाख ४० हजार चेतापेशी असतात. त्यांच्या सगळ्या जोडण्यांचा नकाशा २०२४ मध्ये पुरा झाला. एवढ्याशा भांडवलावर ती भिंती चुकवते, वास हुंगत फळापर्यंत पोहोचते आणि आपण हात उगारला की निसटते. हेच काम तळहाताएवढ्या ड्रोनकडून करून घ्यायचं म्हटलं, तर त्याच्या पाठीवर कित्येक वॉट खाणारा प्रोसेसर लादावा लागतो. दूरच्या सर्व्हरवर विचार करून उत्तर परत मागवण्याचा पर्यायही इथे फारसा कामाचा नाही. उत्तर येईपर्यंत ड्रोन भिंतीवर आदळलेला असेल.

माणसाचा मेंदू सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी घेऊन जेमतेम २० वॉटवर चालतो. हा आकडा इतक्यांदा सांगितला जातो की त्याचं नवल वाटेनासं झालंय. खरा प्रश्न असा, की संगणकाची ऊर्जा नेमकी जाते कुठे? गणितं करण्यात ती तुलनेने थोडीच जाते. नेहमीच्या संगणकात हिशेब करणारा प्रोसेसर एकीकडे आणि माहिती साठवणारी मेमरी दुसरीकडे असते. दोन आकड्यांचा गुणाकार करायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या शंभराहून अधिक पट ऊर्जा ते आकडे बाहेरच्या मेमरीतून आणायला लागते. म्हणजे फोडणी द्यायची, पण मोहरी, जिरं, हिंग दर वेळी चिमूट चिमूट वाण्याकडून आणायचं! मेंदूत अशी दोन घरं नाहीत. दोन चेतापेशींमधला सांधा, म्हणजे सिनॅप्स, आठवणही साठवतो आणि हिशेबातही भाग घेतो.

मेंदूची दुसरी काटकसर म्हणजे गरज नसताना गप्प बसणं. चेतापेशीकडे येणारे संकेत साठत जातात, एका मर्यादेपलीकडे गेले की ती विजेचा एक छोटा झटका सोडते आणि पुन्हा शांत होते. या झटक्यालाच स्पाइक म्हणतात. काही घडलंच नाही, तर खर्चही फारसा नाही.

ही तत्त्वं सिलिकॉनमध्ये उतरवण्याचा नाद अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या कार्व्हर मीड यांनी १९८०च्या दशकात लावला. त्यांची विद्यार्थिनी मिशा माहोवाल्ड हिने डोळ्यातल्या दृष्टिपटलासारखी चालणारी चिप बनवली. तिची परंपरा पुढे झुरिचमध्ये फळाला आली. तिथल्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडलेल्या कॅमेऱ्यात अख्खं चित्र पुन्हा पुन्हा टिपलं जात नाही. ज्या पिक्सेलवरचा उजेड बदलला तेवढाच पिक्सेल बोलतो, आणि तोही काही मायक्रोसेकंदांत. स्थिर भिंतीकडे रोखलेला असा ‘घटना-कॅमेरा’ जवळजवळ मुकाच असतो.

मग हे सगळं एकत्र बसवून इतकी वर्षं ड्रोन का उडवला नाही? कारण एक टोक बदललं की बाकीची टोकं जुळेनाशी होतात. कॅमेरा बदलला की आजची तयार न्यूरल नेटवर्क, म्हणजे चेतापेशींच्या जाळ्याच्या धर्तीवर बांधलेले आणि उदाहरणांवरून शिकणारे प्रोग्राम, निरुपयोगी ठरतात, कारण त्यांना अख्ख्या चित्रांची सवय. स्पाइकवर चालणारं नेटवर्क करायला घेतलं, तर ते शिकवायचं कसं हा पेच. आजचं शिक्षणतंत्र चूक किती झाली ते मोजून ती कमी होईल त्या दिशेने, जणू उतारावरून, हळूहळू खाली येतं, आणि स्पाइकला उतारच नाही. झटका एक तर येतो, नाही तर येत नाही. कशीबशी यातून वाट काढली, तरी ते नेटवर्क जुन्याच चिपवर चालवलं तर बचत कुठली? भौतिकशास्त्र, सर्किट, अल्गोरिदम आणि रोबोट या चारही खात्यांची माणसं एका टेबलाशी बसवल्याशिवाय हे काम हलत नाही, आणि ती सगळी सहसा एकाच विद्यापीठात सापडत नाहीत.

म्हणूनच २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात सी-ब्रिक नावाचं केंद्र उभं राहिलं. पाच वर्षं, २.७ कोटी डॉलर, पैसा मुख्यतः सेमीकंडक्टर उद्योगाच्या संशोधन संघटनेतून आलेला, आणि सोबत पेनसिल्व्हेनियासारखी आणखी काही विद्यापीठं. प्रमुख होते आयआयटी खरगपूरहून तिकडे गेलेले कौशिक रॉय. ध्येय होतं माणसाच्या मदतीशिवाय काम करणारे ड्रोन आणि रोबोट.

सहकार्याने काय साधतं याचा मला आवडलेला नमुना म्हणजे २०२० सालचं स्पाइक-फ्लोनेट. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने या नव्या कॅमेऱ्यांची जोडी मोटारीवर, मोटारसायकलवर, ड्रोनवर बसवून फिरवली होती आणि त्या नोंदी सगळ्यांना खुल्या केल्या होत्या. पर्ड्यूच्या गटाकडे स्पाइक-नेटवर्कचा अनुभव होता. समोरच्या दृश्यातली कोणती गोष्ट किती वेगाने कुठे सरकतेय हे ओळखणारं नेटवर्क दोघांनी मिळून बांधलं. स्पाइक एकामागून एक थरांतून जाताना विरत जातात, ही जुनी अडचण होती. त्यांनी सुरुवातीचे थर स्पाइकचे ठेवले आणि पुढचे सरळ नेहमीचे. मेंदूनिष्ठेचा आग्रह धरणाऱ्याला हा संकर खटकेल. मला मात्र यातच शहाणपण दिसतं. विमानालाही पंख फडफडवावे लागत नाहीत.

मेमरीतच हिशेब करण्याचं कामही असंच अनेक ठिकाणी चालू आहे. तारांच्या जाळीत प्रत्येक छेदावर बदलता रोध ठेवला, की ओहमच्या नियमाने गुणाकार आणि एका तारेत जमणाऱ्या प्रवाहाने बेरीज आपोआप होते. कागदावर फारच देखणं. प्रत्यक्षात ते रोध गोंगाट करतात आणि ठरलेल्या किमतीवर टिकत नाहीत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटाने २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेल्या रेणूंच्या पातळ थरात १६ हजारांहून अधिक वेगळ्या अवस्था साठवता आल्या, म्हणून त्या कामाची एवढी चर्चा झाली. मोठ्या चिपांच्या बाबतीत, आयबीएमच्या २०१४ सालच्या ट्रूनॉर्थ या स्पाइकवर चालणाऱ्या चिपमागचे धर्मेंद्र मोधा हे आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. दहा लाख कृत्रिम चेतापेशी असलेली ती चिप सुमारे ७० मिलिवॉटवर चालायची.

‘मेंदूसारखी चिप’ या नावाचा गाजावाजा मात्र जरा जास्तच होतो. मेंदू कसा शिकतो हे अजून कुणालाच पुरतं उलगडलेलं नाही, आणि मोठ्या भाषा-मॉडेलांच्या कामात स्पाइकवाल्या चिपांनी ग्राफिक्स कार्डांना हटवलेलं नाही. त्यांची जागा दुसरी आहे. जिथे बॅटरी लहान, वेळ कमी आणि जग सतत हलतं, तिथे त्यांना संधी आहे.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाने २०२४ मध्ये असा ड्रोन उडवून दाखवला. खाली पाहणारा घटना-कॅमेरा, इंटेलची स्पाइकवर चालणारी लोइही चिप आणि तिच्यावर स्पाइकचं नेटवर्क. नेटवर्कचा पाहणारा भाग कॅमेऱ्याच्या नोंदींवरून आपला आपण शिकला, तर उडवणारा भाग सिम्युलेटरमध्ये कृत्रिम उत्क्रांतीने घडवला गेला. लुकलुकत्या दिव्यांखालीही तो ड्रोन सावरून उडाला. नेटवर्क चालवायला लागले फक्त ७ मिलिवॉट, तर तेच काम ग्राफिक्स प्रोसेसरवर करायला सुमारे २ वॉट. पण चिप नुसती चालू ठेवायलाच दोन्हीकडे सुमारे १ वॉट लागत होता! त्यामुळे प्रत्यक्षातली एकूण बचत तिपटीच्या आसपासच राहिली. तो १ वॉट कमी करणं हे आता अल्गोरिदमवाल्यांच्या हातात नाही, तिथे सर्किटवाल्यांनाच बसावं लागेल. सी-ब्रिकनंतर २०२३ मध्ये जॉर्जिया टेकच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या कोकोसिस केंद्राच्या नावातच चिप आणि अल्गोरिदम जोडीने घडवण्याची कल्पना घातलेली आहे.