दुबईत कंपनी काढताय? गाळा नंतर, आधी ‘ॲक्टिव्हिटी’ ठरवा

‘गाळा बघून ठेवलाय, आता तेवढं लायसन्सचं बघा,’ असा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. दुबईत हिशेबाची कामं करताना हे बरेचदा पाहिलंय. डबे पुरवायचं ठरवलेल्या एका ताईंनी दुबईच्या करामा भागात अशीच जागा घेतली आणि वर्षाच्या भाड्याचे चार चेक देऊन मोकळ्या झाल्या. स्वयंपाकघराचा नकाशा मंजुरीला द्यायची वेळ आली तेव्हा कळलं, की धुराचा डक्ट गच्चीपर्यंत न्यायला त्या इमारतीत वाटच नाही. तोवर पहिला चेक वटला होता.

इथे नुसतं ‘धंद्याचं’ लायसन्स मिळत नाही, ठरावीक ॲक्टिव्हिटीचं मिळतं. अर्थव्यवस्था व पर्यटन विभागाच्या यादीत प्रत्येक कामाला वेगळा क्रमांक आहे. तयार मसाले आणून विकायचे तर व्यापारी लायसन्स, तेच दळून पाकिटं भरायची तर औद्योगिक, आणि सल्ला किंवा हिशेबासारखी कामं व्यावसायिक (प्रोफेशनल) गटात. जागा कशी हवी, आणखी कुणाची परवानगी लागेल, हे सगळं त्या क्रमांकावर ठरतं.

दुसरा प्रश्न मेनलँड (शहराच्या सर्वसाधारण परवान्याखालची कंपनी) की फ्री झोन (वेगळ्या नियमांचं व्यापारी क्षेत्र). गिऱ्हाईक शहरातलं असेल, दुकान किंवा किचन थाटायचं असेल, तर मेनलँड. पूर्वी इथल्या बहुतेक कंपन्यांत ५१ टक्के भागीदारी स्थानिक माणसाची लागायची. जून २०२१ पासून बहुतेक कामांना ती अट उरली नाही, तरी ‘स्थानिक पार्टनर मिळवून देतो’ म्हणणारे अजून भेटतात. आयात-निर्यात किंवा परदेशी ग्राहकांसाठी सेवा असेल तर फ्री झोन सोयीचा. जेबेल अली हा त्यातला जुना, १९८५ चा. मात्र फ्री झोनचं लायसन्स घेऊन थेट शहरात माल विकता येत नाही, त्याला वेगळी परवानगी लागते. स्वस्त पॅकेजच्या जाहिरातीत ही ओळ शोधून सापडत नाही.

मेनलँडचा क्रम असा. आधी व्यापारी नाव राखून ठेवायचं. देवाधर्माशी जोडलेले शब्द चालत नाहीत, त्यामुळे ‘श्री गणेश ट्रेडिंग’चा हट्ट सोडा. आडनावाचं लघुरूपही नको. माणसाचं नाव द्यायचं तर तो मालक किंवा भागीदार असावा आणि नाव पूर्ण असावं. मग प्राथमिक मंजुरी. ती पुढची कागदपत्रं करण्यापुरती असते, तिच्यावर धंदा सुरू करता येत नाही. त्यानंतर भागीदारीचा करारनामा, जागेचा भाडेकरार आणि त्याची ‘इजारी’ नोंदणी. (आपला ‘इजारा’ शब्दही त्याच अरबी मुळातला.) खाद्यपदार्थ असतील तर महापालिकेची, दवाखाना असेल तर आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी. शेवटी फी भरली की लायसन्स हातात.

कागदपत्रं तशी थोडी: सगळ्या भागीदारांचे पासपोर्ट, फोटो, व्हिसा किंवा प्रवेशाची नोंद, असल्यास एमिरेट्स आयडी (इथलं ओळखपत्र), नावाची आणि प्राथमिक मंजुरीची पावती, करारनामा, इजारी. दुबईत नोकरी करत असाल तर मालकाकडून ना हरकत पत्र मागितलं जाऊ शकतं. काही व्यावसायिक कामांना पदवी लागते. ती परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि अमिरातीच्या वकिलातीकडून साक्षांकित करून भारतातूनच घेऊन या. इथे आल्यावर ती परत पाठवण्यात आठवडे जातात.

लायसन्सनंतर एस्टॅब्लिशमेंट कार्ड (कंपनीच्या नावावर व्हिसा काढायला लागतं ते), मग गुंतवणूकदाराचा व्हिसा, वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडी. सगळ्यात रखडतं ते बँक खातं. पैसा कुठून आला, माल कुणाकडून घेणार, ग्राहक कोण, हे बँक खोदून विचारते. भारतातली बँक स्टेटमेंट आणि जुनी बिलं जवळ ठेवा.

आता टायपिंग सेंटरवाला (सरकारी अर्ज भरून देणारा) सांगत नाही तो भाग. तुम्ही भारतात राहून इथल्या कंपनीत पैसे घालत असाल, तर भारताच्या लेखी ती विदेशी गुंतवणूक ठरते आणि तिथले २०२२ चे नियम लागू होतात. एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. ज्या कंपनीत मालकाची देणी मर्यादित आहेत, तिच्यातच अशी गुंतवणूक करता येते. म्हणून भारतात राहणाऱ्याने एकट्याच्या नावावरचं ‘सोल एस्टॅब्लिशमेंट’ न घेता एलएलसी (मर्यादित देणीची कंपनी) घ्यावी. पैसे बँकेतून, विदेशी गुंतवणुकीचा ‘फॉर्म एफसी’ भरूनच पाठवायचे. लायसन्सची फी क्रेडिट कार्डावर मारून मोकळे होणारे पुढे अडकतात, कारण ते भांडवल कागदावर कुठून आलं हे दाखवताच येत नाही. वर्षात दहा लाख रुपयांच्या वर रक्कम पाठवली तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा कर) कापते. रिटर्न भरताना ती वळती होते, पण तोपर्यंत पैसा अडकून राहतो, तेव्हा भांडवलाचा हिशेब त्या मापाने करा.

भारतातल्या आयकर विवरणपत्रात विदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ही कंपनी दाखवावी लागते, धंदा शून्य असला तरी. इथे दुबईतही कॉर्पोरेट टॅक्सची नोंदणी बंधनकारक आहे. कर ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के, पण ‘आपला नफा कुठे एवढा’ म्हणून नोंदणीच टाळली तर दंड १०,००० दिरहम. विक्री ३,७५,००० दिरहमच्या पुढे गेली की व्हॅटचीही नोंदणी.

लायसन्सचं नूतनीकरण दरवर्षी. त्या वेळी इजारी चालू असावी लागते. त्या डबेवाल्या ताईंनी दुसरी जागा अल कुसैस भागात घेतली. घेण्याआधी डक्टचा नकाशा घेऊन स्वतः इमारतीच्या गच्चीवर चढून आल्या, आणि भाडेकराराची मुदत लायसन्सच्या मुदतीनंतर महिनाभराने संपेल अशी लिहून घेतली.