पपी फूड आणि लार्ज ब्रीड पपी फूड: खरा फरक कॅल्शियमचा

दोन्ही पिशव्यांवर पिल्लाचा फोटो, दोन्हींवर ठळक अक्षरांत 'पपी', मागची घटकांची यादीही जवळपास सारखीच. एकीवर 'लार्ज ब्रीड' हे दोन शब्द तेवढे जास्तीचे. घरी लॅब्रॅडॉर नाहीतर जर्मन शेफर्डचं पिल्लू आलेलं असतं. माणूस मनाशी म्हणतो, कुत्रा मोठा होणार, म्हणजे त्याला ताकदीचं खाणं हवं आणि ते या पिशवीत असणार. प्रत्यक्षात प्रकरण उलट आहे. 'लार्ज ब्रीड'च्या पिशवीत जास्त काही घातलेलं नसतं, वाढीचा वेग आवरता यावा म्हणून काही गोष्टी बेताने ठेवलेल्या असतात.

ही वेगळी पिशवी का लागते, ते पिल्लाच्या हाडांवरून कळतं. जन्मताना अर्धा किलोही नसलेलं लॅब्रॅडॉरचं पिल्लू वर्ष-दीड वर्षात 30-35 किलोपर्यंत जातं. ग्रेट डेनचं त्याच्याही पुढे. वजन झपाट्याने चढत असतं, पण हाडांच्या टोकांशी असलेली कूर्चा अजून मऊ असते. पाया सुकायच्या आत वरचे मजले चढवत गेल्यासारखंच ते. पग किंवा पॉमेरेनियनच्या हाडांवर हा भार येतच नाही, म्हणून साध्या पपी फूडवर ती पिल्लं मजेत वाढतात.

यात कळीचा घटक कॅल्शियम. प्रौढ कुत्र्याचं आतडं गरजेपुरतं कॅल्शियम शोषतं आणि बाकीचं सोडून देतं. साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला ही निवड नीट जमत नाही. खाण्यातून जितकं जास्त येईल, तितकं जास्त अंगात जातं. ते मग हाडांत साठतं, हाडांची नेहमीची मोडतोड आणि नवी जडणघडण मंदावते, कूर्चेचं हाड होण्याची प्रक्रिया बिघडते. पुढचे पाय वाकणं, खांद्याच्या किंवा कोपराच्या सांध्यातली कूर्चा सुटणं, कोवळ्या वयात लंगडणं हे त्याचे परिणाम. ग्रेट डेनच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत जादा कॅल्शियमचे हे दुष्परिणाम स्पष्ट दिसलेले आहेत.

आता आकडे. पाळीव प्राण्यांच्या खाद्याचे मापदंड ठरवणारी 'एएएफसीओ' ही अमेरिकी संस्था आहे आणि अनेक देशांतल्या पिशव्यांवर तिचा उल्लेख असतो. तिच्या मापदंडानुसार वाढत्या पिल्लाच्या खाण्यात, पाण्याचा अंश वगळून, किमान 1.2 टक्के कॅल्शियम हवं. ही खालची मर्यादा दोन्ही पिशव्यांना सारखीच. वरची मात्र वेगळी: साध्या पपी फूडमध्ये 2.5 टक्क्यांपर्यंत चालतं, मोठ्या जातींसाठी 1.8 टक्क्यांवर थांबावं लागतं. मोठी जात म्हणजे प्रौढपणी 70 पौंड, म्हणजे साधारण 32 किलो किंवा जास्त भरणारी. कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण दोन्हीकडे 1:1 ते 2:1 यांच्या दरम्यान असायला हवं.

म्हणजे 2 टक्के कॅल्शियम असलेलं पपी फूड नियमात बसतं, बीगलला चालतं, आणि रॉटवायलरच्या पिल्लाला नको असतं. पिशवीवर मोठ्या अक्षरांत काय छापलंय त्यापेक्षा मागच्या बारीक अक्षरांतलं एक वाक्य शोधा. मोठ्या आकाराच्या कुत्र्यांच्या वाढीबद्दल तिथे 'इन्क्लुडिंग' (धरून) म्हटलंय की 'एक्सेप्ट' (वगळून), एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं. 'ऑल लाइफ स्टेजेस', म्हणजे सगळ्या वयांसाठी, असं लिहिलेल्या पिशवीलाही हाच नियम लावा.

पिशवीवरच्या टक्केवारीत एक मेख आहे. तिथे बहुतेक वेळा कॅल्शियमचं 'किमान' प्रमाण छापतात, प्रत्यक्षात ते जास्त असू शकतं. शिवाय खाणं जितकं कॅलरींनी गच्च, तितकं ते कमी खाल्लं जातं, म्हणून नुसत्या टक्क्यांची तुलना फसवी ठरते. जास्त भरवशाचं माप म्हणजे दर 1000 किलोकॅलरीमागे किती ग्रॅम कॅल्शियम. मोठ्या जातीच्या पिल्लासाठी हे 3 ते 4.5 ग्रॅमच्या दरम्यान हवं. समजा एका खाण्यात 1.4 टक्के कॅल्शियम आहे आणि किलोमागे 3600 किलोकॅलरी. एका किलोत 14 ग्रॅम, त्याला 3.6 ने भागलं की 3.9 येतात. ठीक आहे. दुसऱ्यात 1.8 टक्के आणि 3500 किलोकॅलरी असतील, तर 18 भागिले 3.5, म्हणजे 5.1. हे सोडून द्यावं. आकडा पिशवीवर नसेल तर कंपनीला सरळ विचारावं. जी कंपनी आपल्या खाण्यातलं प्रत्यक्ष कॅल्शियम सांगायला कां-कूं करते, तिचं खाणं मी तरी घेणार नाही.

प्रोटीनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पण गैरसमज चिवट आहे: प्रोटीन जास्त झालं की मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं बिघडतात. ग्रेट डेनच्याच पिल्लांना कमी, मध्यम आणि जास्त प्रोटीन देऊन हे तपासलं गेलं, आणि हाडांच्या आजारांशी त्याचा संबंध आढळला नाही. या समजापायी काही जण चार महिन्यांच्या पिल्लाला प्रौढ कुत्र्यांचं खाणं सुरू करतात, वाढ हळू व्हावी म्हणून. ते दोन्हीकडून अंगाशी येतं. प्रौढ कुत्र्यांच्या खाण्यात कॅल्शियम किमान 0.5 टक्के असलं तरी चालतं, म्हणजे पिल्लाला ते कमी पडू शकतं. आणि वरची मर्यादा 2.5 टक्के असल्याने जास्तही होऊ शकतं. त्यात खाणं कमी कॅलरींचं असेल तर पिल्लू पोट भरायला ते जास्त खातं, आणि त्याबरोबर कॅल्शियमही.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र पिशवीच्या निवडीने होत नसावं, वरून घातलेल्या कॅल्शियमच्या पावडरीने आणि सिरपने होतं, असं माझं मत आहे. जर्मन शेफर्डचे उभे राहिलेले कान दात येण्याच्या सुमारास पुन्हा पडतात आणि घरचे घाबरून बाटली आणतात. दात येऊन झाले की बहुतेकांचे कान आपोआप उभे राहतात. संतुलित पपी फूड चालू असताना वरून कॅल्शियम दिलं की लार्ज ब्रीडच्या पिशवीचा उपयोगच संपला. याच्या उलट टोकाला नुसत्या मांसावर वाढवलेली पिल्लं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, त्यामुळे शरीर हाडांतूनच कॅल्शियम काढून घेतं आणि साध्या उडीनेही हाड मोडतं. घरचंच खाणं द्यायचं असेल तर त्याचा तक्ता पशुआहाराच्या जाणकार डॉक्टरांकडून करून घ्यावा, अंदाजाने करू नये.

आणि मग मात्रा. योग्य पिशवी आणून वाटी दिवसभर भरून ठेवली तर मोठ्या जातीचं पिल्लू जाड होतं आणि खुब्याच्या सांध्यांवर नको तो भार येतो. 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांचा आयुष्यभर चाललेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावून त्यातल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं दिलं होतं. कमी खाणाऱ्या गटात हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार, कमी आढळला आणि त्यांचं मध्यक आयुष्य 13 वर्षं भरलं. दुसऱ्या गटाचं 11.2. याचा अर्थ पिल्लाला उपाशी ठेवा असा नाही. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत पण हात फिरवला की सहज लागाव्यात, वरून पाहिलं की कंबर दिसावी. पिशवीवरचा तक्ता सुरुवातीपुरता धरावा. पुढे दर आठवड्याला पिल्लाकडे बघून माप कमी-जास्त करावं. गोलमटोल पिल्लू फोटोत छान दिसतं, सांध्यांना ते परवडत नाही.

लहान जातींचं दुखणं वेगळं. अगदी चिमुकल्या पिल्लांची रक्तातली साखर उपाशीपोटी पटकन उतरते, म्हणून त्यांना सुरुवातीला दिवसातून चार वेळा खायला द्यावं. त्यांची वाढ दहा-बारा महिन्यांत पुरी होते. मोठ्या जातींना बारा ते अठरा महिने लागतात, ग्रेट डेनसारख्यांना दोन वर्षांपर्यंत, आणि तोवर लार्ज ब्रीडचीच पिशवी चालू ठेवायची. पुढे बदल करताना आठवडाभर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत जावं, नाहीतर पोट बिघडतं.

पिल्लू मिश्र जातीचं असेल आणि आई-बाप माहीत नसतील तर? बहुतेक पिल्लं चार ते पाच महिन्यांत प्रौढ वजनाच्या साधारण निम्म्यावर येतात. चार महिन्यांचं पिल्लू 15 किलोच्या आसपास असेल तर ते मोठ्या जातीतलं समजून चालावं. त्याआधी अंदाज येत नसेल तर लार्ज ब्रीडची पिशवी घेतलेली बरी. वाढीला लागणारं किमान सगळं तिच्यात असतंच, त्यामुळे पिल्लू छोटंच राहिलं तरी बिघडत नाही. दाणे मोठे असतात, एवढीच अडचण. ते कोमट पाण्यात भिजवून द्यावेत.