सिक्युरिटी पॅच आणि गेमिंग: एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढवायला पॅच काढायचा का?

"दादा, ते प्रोसेसरचे पॅच बंद करून द्या ना, गेम मक्खन चालतो म्हणे" असं दुकानात बरेच जण सांगतात. पॅच म्हणजे सुरक्षेतली फट बुजवणारा अपडेट. आम्ही तो बंद करून देत नाही, का ते वाचा.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या फटी बाहेर आल्या. प्रोसेसर वेळ वाचवायला पुढचं काम अंदाजानेच आधी करून ठेवतो आणि त्याच अंदाजाच्या कामातून दुसऱ्या प्रोग्रामच्या मेमरीतलं चोरता येतं, पासवर्डसकट. मेल्टडाउनचा फटका मुख्यतः इंटेलला, एएमडीला नाही, स्पेक्टरचा मात्र दोघांनाही. मग मेल्टडाउनच्या पॅचमध्ये विंडोजने कर्नलची, म्हणजे स्वतःच्या गाभ्याची, मेमरी वेगळी काढली, त्यामुळे प्रोग्रामने विंडोजकडे काहीही मागितलं, फाइल म्हणा नेटवर्क म्हणा, की दर वेळी थोडा जास्त वेळ जातो.

आता गेमचं बघा, खेळताना बहुतेक काम गेमच्या आतच आणि ग्राफिक्स कार्डवर होतं, विंडोजला सारखी हाक मारावी लागत नाही, म्हणून एफपीएसमध्ये फरक सहसा कमीच. जाणवला तर लोडिंगला, किंवा मोठ्या मॅपचे गेम एसएसडीवरून सतत छोट्या फाइल्स उचलतात तिथे. खरा लोड सर्व्हरवर आला, फोर्टनाइटवाल्या एपिकने तेव्हा स्वतःच सांगितलं होतं की पॅचनंतर त्यांच्या सर्व्हरचा सीपीयू वापर वाढला.

जुना पीसी असेल तर तक्रार खरी आहे. हॅसवेल म्हणजे इंटेल चौथी जनरेशन किंवा त्याआधीचा प्रोसेसर आणि वर विंडोज ७ किंवा ८, तर बहुतेकांना स्लो जाणवेल हे मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं होतं. विंडोज १० ला मार्च २०१९ पासून रेटपोलिन, म्हणजे स्पेक्टरवरचा कमी वेळ खाणारा उपाय, आलं, त्याने अशा जुन्या मशीनना बराच आराम मिळाला, म्हणून आधी विंडोज अपडेट करा. इंटेलच्या नवव्या जनरेशनपासून तर बऱ्याच प्रोसेसरमध्ये मेल्टडाउनचा इलाज चिपमध्येच आहे.

पॅच बंद केला की तो फक्त गेमपुरता बंद होत नाही, अख्ख्या पीसीचा होतो, आणि त्याच पीसीवर घरच्यांचं नेटबँकिंग असतं. स्पेक्टरचा हल्ला वेबसाइटच्या जावास्क्रिप्टमधूनही (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडमधूनही) करता येतो हे दाखवून झालंय. चार फ्रेमसाठी एवढी रिस्क आम्हाला पटत नाही.

गेम अडकतोय? आधी टेंपरेचर बघा, प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट सुकलीय का, रॅमची एकच स्टिक आहे का, बहुतेक वेळा तिथेच सापडतं. पॅचचा एक भाग मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना, तो बायोसच्या (मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरच्या) अपडेटमधूनही येतो, पण तो मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरूनच घ्या आणि यूपीएस नसेल तर घरी करू नका, मध्येच लाइट गेली तर बोर्ड जाऊ शकतो, पीसी इकडे घेऊन या.