'हॅव' लावायचं की नाही: इंग्रजीतल्या दोन भूतकाळांची पार्श्वभूमी

'आय हॅव सीन हिम यस्टर्डे' या वाक्यावर शिक्षक लाल रेघ मारतात आणि नियम सांगतात: 'यस्टर्डे' आलं की 'हॅव' नको. नियम बरोबर आहे, पण मराठी माणसाच्या मनात तो सहज बसत नाही. 'मी त्याला काल पाहिलंय' हे आपलं अगदी सरळ वाक्य आहे. 'पाहिलं' आणि 'पाहिलं आहे' असा भेद मराठीतही आहे, मग इंग्रजीलाच 'काल'ची एवढी अडचण का? याचं उत्तर 'हॅव'च्या पूर्वायुष्यात आहे.

जुन्या इंग्रजीत क्रियापदाला दोनच काळ होते, वर्तमान आणि भूत. आज 'हॅव' लावून जे सांगतात त्यातलं बरंचसं तेव्हा साध्या भूतकाळातच सांगितलं जाई. 'हॅव' होतं ते खऱ्या मालकीचं, जवळ असण्याचं क्रियापद. 'इच हॅबे हिने येबुन्देन्ने' अशा धर्तीच्या वाक्याचा मूळ अर्थ 'तो बांधलेल्या अवस्थेत माझ्याकडे आहे' असा. शेवटच्या शब्दातला 'ने' हा प्रत्यय 'हिने' म्हणजे 'त्याला' या कर्माशी जुळणारा आहे. मराठी वाचकाला हे लगेच ओळखीचं वाटेल, कारण आपणही 'पत्र लिहिलं आहे' पण 'चिठ्ठी लिहिली आहे' म्हणतो. 'लिहिलं', 'लिहिली' हे क्रियापदापासून बनलेलं रूप, म्हणजे कृदन्त, कर्माप्रमाणे बदलतं. इंग्रजीतले हे प्रत्यय पुढे झडले, कृदन्त सरकून 'हॅव'ला चिकटलं आणि दोघांचं मिळून एकच क्रियापद झालं. जुना क्रम मात्र पुसला गेला नाही. 'आय हॅव द लेटर रिटन' म्हटलं तर पत्र लिहून तयार आहे यावर भर येतो, आणि 'आय हॅव रिटन द लेटर' म्हटलं तर ते मी लिहिलं आहे यावर.

मालकीचा अर्थ विरल्यावर 'हॅव' झोपणं, चालणं अशा कर्म नसलेल्या क्रियापदांनाही लागू लागलं. येणं, जाणं, होणं यांच्यासोबत मात्र शतकानुशतकं 'बी' (अ‍ॅम, इज, आर) हेच क्रियापद चालत होतं. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये 'ही इज रिझन' आहे, 'ही हॅज रिझन' नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायातला 'कालोऽस्मि' ओपेनहायमर यांनी 'आय अ‍ॅम बिकम डेथ' असा सांगितला, तोही याच जुन्या घडणीत. ही जागाही पुढे 'हॅव'नं घेतली. एकोणिसाव्या शतकात 'बी' जवळजवळ हटलं. 'ही इज गॉन'सारखं थोडंच उरलं.

शेजारच्या भाषा याच वाटेनं निघाल्या आणि पुढे गेल्या. फ्रेंचमध्ये १६६० च्या पोर-रोयाल व्याकरणानं साधा भूतकाळ किमान एक दिवस जुन्या घटनेसाठी राखला होता. आज बोलण्यातून तो जवळजवळ गेला आहे आणि 'हॅव'सारखी रचना 'काल'सोबतही बिनदिक्कत येते. दक्षिणेकडच्या बोली जर्मनचंही तसंच. इंग्रजी मात्र अर्ध्या वाटेवर थांबली. मध्ययुगीन इंग्रजीत निश्चित भूतकाळ सांगणाऱ्या शब्दांसोबत 'हॅव' अधूनमधून सापडतं, म्हणजे तीही तिकडे झुकत होती. पण पुढे तिनं दोन्ही रूपं ठेवली आणि कामं वाटून दिली. १७९५ मध्ये लिंडली मरे यांनी आपल्या व्याकरणात 'हॅव'चं रूप भूतकाळ दाखवतानाच वर्तमानाकडेही निर्देश करतं असं नोंदवलं. मूळच्या मालकीतला वर्तमान असा टिकून राहिला.

१९४७ मध्ये तत्त्वज्ञ हान्स रायखेनबाख यांनी याची सर्वांत नेटकी मांडणी केली. त्यांनी तीन बिंदू मानले: घटना, बोलण्याचा क्षण आणि आपण जिथून पाहतो ती जागा. 'आय सॉ'मध्ये आपण पाहतो ते घटनेपाशी जाऊन. 'आय हॅव सीन'मध्ये घटना मागे असते, पण पाहणारा आत्ताच्या क्षणी उभा असतो. 'यस्टर्डे' पाहणाऱ्याला कालमध्ये नेऊन बसवतं, 'हॅव' त्याला आजमध्ये धरून ठेवतं. वाक्य मोडतं ते या ओढाताणीत.

हे कळलं की नियम कुठे संपतो तेही कळतं. बरेच विद्यार्थी 'हॅव' दिसताच 'यस्टर्डे' खोडतात, हे चूक आहे. 'ही मस्ट हॅव सीन हिम यस्टर्डे' बिनचूक आहे, कारण 'मस्ट'नंतर भूतकाळ दाखवायला दुसरं रूपच नाही. 'हॅव्हिंग सीन हिम यस्टर्डे'ही चालतं. बंदी आहे ती स्वतः वर्तमानकाळ दाखवणाऱ्या 'हॅव' आणि 'हॅज'वर.

निवड करताना वाक्यामागचा प्रश्न पाहावा. 'केव्हा?' विचारलं की साधा भूतकाळच: 'व्हेन डिड यू सी हिम?' 'अगो', 'लास्ट वीक', 'इन २०१५' ही त्याचीच उत्तरं. 'आत्तापर्यंत कधीतरी?' असेल तर 'हॅव': 'हॅव यू एव्हर सीन स्नो?' आणि हो म्हणून तपशील द्यायला लागलात की लगेच 'आय सॉ इट इन २०१५'. बातम्यांत हीच उडी दिसते. पहिलं वाक्य 'हॅज'चं, पुढची साध्या भूतकाळातली. 'धिस मॉर्निंग' घड्याळावर ठरतं: सकाळ चालू असेल तर 'हॅव', दुपार झाली की बहुधा साधा भूतकाळ. 'आय हॅव लॉस्ट माय की' ऐकणारा किल्ली अजून हरवलेलीच आहे असं धरतो. 'आय लॉस्ट माय की'मध्ये ती नंतर सापडलीही असेल. कर्त्यावरही बंधन येतं. 'आइन्स्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन' कानाला खटकतं, कारण आइन्स्टाइन आज नाहीत. 'प्रिन्स्टन हॅज बीन व्हिजिटेड बाय आइन्स्टाइन' तितकं खटकत नाही, कारण प्रिन्स्टन आहे.

अमेरिकन इंग्रजी 'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट' यांच्यासोबत साधा भूतकाळ सहज चालवते: 'डिड यू ईट येट?' ब्रिटिश वळणात इथे 'हॅव' अपेक्षित असतं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत एकच वळण शेवटपर्यंत ठेवावं.

मराठी माणसाला सर्वांत जास्त अडवणारी जागा वेगळीच आहे. 'मी पाच वर्षं इथे राहतोय' हा आपल्याकडे वर्तमानकाळ, म्हणून 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' तोंडून निघतं. इंग्रजीत मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला 'हॅव' लागतं, कालावधीला 'फॉर' आणि आरंभबिंदूला 'सिन्स': 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स', किंवा 'सिन्स २०१९'. 'आय लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हटलं, तर ते राहणं संपलं असाच अर्थ निघतो.