कापूसराजा आणि दोन देशभक्त

भाव वाढेल या आशेनं ठेवलेला कापूस सध्या आमच्या बैठकीत पार आढ्याला टेकलाय. त्यात लोळलं की अंगभर खाज सुटते, तरी पोरं उड्या मारतातच. परवा पुतण्याला एक सरकी दिली, तिच्यावरचा कापूस कंगव्यानं विंचरून सरळ करायला लावला आणि पट्टी धरली. धागा तीन सेंटिमीटरच्या जवळ भरला. ही अमेरिकन जात. आजोबांच्या वावरातल्या गावराणी पराटीचा धागा दोनाच्या आसपास असायचा.

या सेंटिमीटरभर फरकानं 1861 साली काही लोकांना भलताच माज चढवला होता.

इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांची यंत्रं लांब धाग्यावर बेतलेली. आखूड धागा त्यावर सारखा तुटायचा. ब्रिटनचा पाऊण हिस्सा तरी कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा. ‘कापूस राजा आहे, त्याच्याशी लढायची कोणाची छाती नाही,’ अशा अर्थाचं भाषण दक्षिण कॅरोलायनाच्या जेम्स हॅमंडनं 1858 मध्येच सिनेटात ठोकलं होतं. पुढे दक्षिणेतली 11 राज्यं देशातून फुटून निघाली आणि उत्तरेशी लढाई पेटली. इंग्रज कापसापायी आपल्या बाजूनं उतरतील, हा त्यांचा हिशेब. इंग्रज उतरले नाहीत. उत्तरेच्या आरमारानं बंदरं अडवली, तेव्हा इंग्रज व्यापारी हिंदुस्थानाकडे वळले आणि वऱ्हाडातल्या आखूड धाग्यालाही सोन्याचे दिवस आले.

अशा लढाईला मराठीत यादवी म्हणतात. यादव आपसांत लढून संपले, तिथं परकं कोणी नव्हतं. अमेरिकेतही दोन्हीकडचे लोक स्वतःला जॉर्ज वॉशिंग्टनचे खरे वारस समजत. दक्षिणेनं तर आपल्या राजमुद्रेवर घोड्यावरचा वॉशिंग्टनच कोरला.

रॉबर्ट ली आणि जॉर्ज थॉमस, दोघेही व्हर्जिनियाचे, एकाच पलटणीतले अधिकारी. एप्रिल 1861 मध्ये लीपुढे उत्तरेच्या फौजेची सूत्रं ठेवली गेली. त्यानं नकार दिला, राजीनामा दिला: आपल्या राज्यावर तलवार उचलणार नाही, म्हणत तो दक्षिणेकडे गेला. थॉमस मात्र देशाला दिलेली शपथ धरून उत्तरेकडेच राहिला. त्याच्या बहिणींनी त्याची तसबीर भिंतीकडे तोंड करून फिरवली, असं सांगतात. निष्ठा दोघांचीही पक्की होती, फक्त ‘आपलं’ कुठं संपतं याचा धुरा, म्हणजे बांध, वेगवेगळ्या जागी होता. गंमत म्हणजे, राज्याला देशातून फुटायचा हक्क आहे म्हणणाऱ्या व्हर्जिनियातूनच पश्चिमेचे जिल्हे फुटले आणि 1863 मध्ये वेगळं राज्य होऊन उत्तरेत राहिले.

हा धुरा मन किती सहज घालतं, ते हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञानं 1970 च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या 14-15 वर्षांच्या शाळकरी मुलांवर तपासलं. कोणाला कोणत्या चित्रकाराची चित्रं आवडली यावरून दोन गट पाडल्याचं मुलांना सांगितलं. खरं तर ते कसेही पाडले होते. मग इतर मुलांना पैसे वाटायला लावले. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, हे अपेक्षितच. पण पुष्कळ मुलांनी असा पर्याय निवडला, ज्यात आपल्या गटाला थोडे कमी मिळतील, मात्र समोरच्यांपेक्षा जास्त. वीतभर धुऱ्यासाठी वावराच्या किमतीहून जास्त पैसा वकिलाला देणारे आमच्याकडे कमी नाहीत, त्यामुळे मला याचं फारसं नवल वाटलं नाही.

एरवी आपण अनेक वर्तुळांत सुखानं राहतो. अमरावतीच्या बाजारात मी गावाचं नाव सांगतो, पुण्यात वऱ्हाडी होतो, दिल्लीत मराठी. 1955 मध्ये राज्य पुनर्रचना आयोगानं वेगळं विदर्भ राज्य सुचवलं होतं. त्यावरून आजही पारावर आवाज चढतात, पण नंतर चहा एकत्रच होतो. अमेरिकेत मात्र वर्तुळाला रोकड हितसंबंध चिकटला होता. दक्षिण राज्यांच्या हक्कांसाठी फुटली, हे कारण मला अर्धंच खरं वाटतं. नव्या सरकारचा पाया गोरे-काळे समान नाहीत या तत्त्वावर आहे, हे फुटलेल्या दक्षिणेचा उपराष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स मार्च 1861 मध्ये जाहीरपणे बोलला होता. दक्षिणेचा कापूस पिकवणारे मुख्यतः गुलामच. देशातले सुमारे 40 लाख गुलाम कोणाच्याच ‘आपल्यात’ धड मोजलेले नव्हते. तुमचा स्वातंत्र्यदिन गुलामाच्या काय कामाचा, असं गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसनं 1852 मध्येच विचारलं होतं. मानसशास्त्रज्ञ आंधळी देशभक्ती आणि देशाच्या चुका दाखवणारी देशभक्ती वेगळी मोजतात. डग्लस दुसऱ्या प्रकारातला. युद्धात त्यानं काळ्या तरुणांना उत्तरेच्या फौजेत भरती व्हायला सांगितलं, त्याची स्वतःची मुलंही गेली.

एप्रिल 1865 मध्ये लीनं शस्त्रं खाली ठेवली, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाहेर पडणार हे दिसलं आणि आमच्याकडच्या कापसाचा भाव घसरला. वऱ्हाड तेव्हा कागदावर निजामाचं, कारभार 1853 पासून इंग्रजांकडे. मुंबईच्या दलालांना तारेनं बातम्या कळत होत्या. वावरातल्या माणसाला भाव का पडला हे कोणी सांगितलं असेल, असं वाटत नाही.