थाप, दगा आणि ‘मी फसले’

लोणी कढवून नुकतंच काढलेलं तूप म्हणजे लोणकढं तूप, आणि तिथल्या तिथे रचून सांगितलेली ती लोणकढी थाप. थाप आपण हसून सोडून देतो. दगा झाला की मात्र नातं तुटतं. खोटं दोन्हींत आहे, मग फरक कशात?

लिंडा कोलमन आणि पॉल के या भाषाशास्त्रज्ञांनी १९८१ साली इंग्रजीतल्या ‘लाय’ या शब्दाची अशी चिकित्सा केली. बोललेलं चुकीचं असणं, ते चुकीचं आहे असं बोलणाऱ्याला वाटणं आणि फसवायचा हेतू असणं, असे तीन धागे त्यांनी धरले आणि ते कमीजास्त करून रचलेल्या ८ गोष्टी लोकांपुढे ठेवल्या. लोकांनी सर्वाधिक वजन दिलं ते बोलणाऱ्याच्या मनात काय होतं याला. विधान प्रत्यक्षात चूक होतं की नाही, याला सर्वांत कमी.

त्यातल्या एका गोष्टीत एका मुलीला तिचा मित्र विचारतो, ‘तुझा आधीचा मित्र या आठवड्यात भेटला का?’ ती म्हणते, ‘तो दोन आठवडे आजारी आहे.’ आजारी तो होताच, पण आदल्या रात्री ती त्याच्याबरोबर होती. शब्दन्‌शब्द खरा, तरी फसवणारा. ‘नरो वा कुंजरो वा’ हे आज आपण गुळमुळीत उत्तराला म्हणतो, पण मुळात तेही असंच होतं. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं ते मुलगा गेला असं समजून.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते ‘फसणे’ हे क्रियापद. चिखलात चाक फसतं, बेत फसतो, माणूसही फसतो. एक ‘व’ लागून ‘फसवणे’ झालं, की फसवणारा वाक्यात येतो.

शेजारच्या काकूंना ‘बँकेतून बोलतोय’ म्हणून फोन आला. त्यांनी ओटीपी सांगितला आणि खातं रिकामं झालं. दोन दिवस त्या एकच म्हणत होत्या, ‘मी फसले गं.’ या वाक्यात चोर कुठेच नाही. काकू तेवढ्या आहेत, त्यांच्या लाजेसकट. खरं तर खोटं ओळखण्यात आपण सगळेच कच्चे. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी २००६ मध्ये २४ हजारांहून अधिक लोकांचे निवाडे एकत्र तपासले, तेव्हा सरासरी ५४ टक्केच बरोबर निघाले. नुसतं नाणं उडवलं तरी ५० येतात.

मी काकूंबरोबर पोलीस ठाण्यात गेले. हवालदारांनी लिहून घेतलं, ‘अज्ञात इसमाने फिर्यादी यांची फसवणूक केली.’ काकूंनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि खाली सही केली.